पटकरी

“बावीस,” नाना म्हणाले आणि चहाची बशी खाली ठेवली.

मी नुकताच एसटीतून उतरून, पिशवी खांद्यावरच ठेवून, त्यांच्या ओट्याशी उभा होतो. मला वाटलं कांद्याचा भाव सांगतायत. मंचरच्या मार्केटला दहा किलोवर भाव निघतो. दहा किलोला बावीस म्हणजे गाडीभाडंसुद्धा सुटायचं नाही. मी तोंड पाडून “वाईट झालं” असं काहीसं पुटपुटलो.

“वाईटच. काल तेवीस व्हती. आज एक कोन कमी हाये?”

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की ओट्यासमोरून दप्तरं गेली होती आणि नाना ती मोजत होते. त्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि उसाच्या बांधानं निघाले. पंधरा मिनिटांनी परतले तेव्हा दुसरीतलं एक पोरगं त्यांच्या हाताला धरून, खरं तर त्यांनी दंडाला धरलेलं, येत होतं. एका गालावर दंतमंजन तसंच होतं.

“म्हैस व्यालीय आमची,” पोरगं रडवेल्या आवाजात मला सांगू लागलं. बहुधा मी परका असल्यामुळे मला दया येईल असं त्याला वाटलं असावं.

“म्हैस व्याली, तू नाय व्याला,” नाना म्हणाले. “चल.”

त्याला शाळेच्या फाटकात सोडून आले, बशीतला गार चहा एका घोटात संपवला आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “हां, आता तेवीस. बस. कवा आलास?”

आमच्या आंबेगाव तालुक्यात धर्माला तोटा नाही. पश्चिमेला भीमाशंकर, गावोगाव भैरवनाथ, वर्षभर कुठे ना कुठे सप्ताह, आषाढीला दिंड्या, आणि ज्याला यातलं काहीच नाही त्याला बैलगाडा. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा इथल्या लोकांनी सुतक पाळल्यासारखे चेहरे केले होते आणि २०२१ च्या डिसेंबरात वाट मोकळी झाली तेव्हा भंडारा उधळला होता. नाना या सगळ्याला हात जोडतात, वर्गणीही देतात, पण पाहुण्याच्या देवाला जोडावेत तसे. त्यांचा पंथ निराळा. ते माळकरी नाहीत, वारकरी नाहीत, आवाजामुळे टाळकरी तर नाहीतच. ते पटकरी आहेत. पट म्हणजे शाळेच्या हजेरीपत्रकावर जेवढी नावं आहेत तो आकडा. ज्यांची शाळा खासगी होती त्यांना हा शब्द सारीपाटातला वाटेल. नानांना तो सारीपाटाहून जिवाचा आहे.

दैवत म्हणजे वस्तीवरची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. दोन खोल्या, एक व्हरांडा, एक गुर्जी, एक बाई, पहिली ते चौथी. वस्तीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर नाना वाचतील आणि ‘पटाव परिनाम व्हईल’ म्हणून माझ्याशी बोलणं टाकतील. नाना स्वतः शिक्षक नव्हते. शाळा व्यवस्थापन समितीवर पूर्वी होते, पण तिथे पंचाहत्तर टक्के पालक लागतात असं कायदाच म्हणतो, आणि नानांच्या पोराला शाळा सोडून कैक वर्षं झाली. त्यांनी कायद्यापुढे मान तुकवून राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून मोजणी सुरू केली. पद गेलं, सेवा राहिली.

प्रत्येक धर्माला ग्रंथ लागतो. नानांचा ग्रंथ म्हणजे शासन निर्णय. फडताळात पंचांगाच्या वर, सातबाराच्या उताऱ्याशेजारी, त्यांच्याकडे शासन निर्णयांची चळत आहे, लाल फडक्यात बांधलेली. त्यातलं एक पान काढून ते वाचू लागले की आवाज बदलतो. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ हे ते ‘ॐ नमोजी’च्या चालीवर म्हणतात. शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ आलं की कागद कपाळाला लावतात. शाळेचा अकरा आकडी यूडायस क्रमांक त्यांना पाठ आहे. पहिले दोन आकडे २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढचे दोन २५ म्हणजे पुणे जिल्हा, हे त्यांनी मला गुरुमंत्र द्यावा तसं कानाजवळ येऊन सांगितलं. स्वतःचा मोबाइल नंबर विचारला तर नानीला हाक मारतात.

आणि काय नेमका धर्म आहे पाहा. कुठल्या पोथीत भक्तापासून देव किती अंतरावर असावा हे लिहिलंय? शिक्षण हक्काच्या नियमांत लिहिलंय: पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन. प्राथमिकला तीस लेकरांमागे एक शिक्षक. पोषण आहाराला पाचवीपर्यंत प्रत्येकी शंभर ग्रॅम तांदूळ. “इठ्ठल आपल्या दारी येतो का?” नाना विचारतात. “आपुनच चालत जायाचं पंधरा-ईस दिवस. हितं देव एक किलोमीटरच्या आत येऊन बसलाय, वर जेवायला घालतोय, तरी लोकं पिवळ्या बसच्या मागं पळत्यात.”

खिचडीला ते खिचडी म्हणत नाहीत, ‘आहार’ म्हणतात. रोज चव घ्यायला आहार शिजवणाऱ्या ताई त्यांना द्रोणभर पाठवतात, ते उजव्या हातात घेतात. २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं सुरू झालं तेव्हा नाना माळ नसूनही जरा अडखळले. मग म्हणाले, शासनानं दिलंय म्हंजी शाकाहारीच. २०२५ च्या जानेवारीत अंड्याचे सरकारी पैसे बंद झाले, त्याचाही त्यांनी अर्थ लावला: “देव परीक्षा बघतोय.”

पुरोगामी मंडळींनी ब्राह्मण्यावर बरंच लिहिलं आहे, पण द्विज कसा होतो ते मला नानांनी समजावलं. माणूस एकदा घरात जन्मतो. त्याची नोंद ‘सुगीत’, ‘थोरल्या पावसात’, ‘म्हातारीच्या तेराव्याला’ अशी असते. त्या जन्माला सरकार-दरबारी काडीची किंमत नाही. खरा जन्म शाळेत होतो. आई पोराला घेऊन येते, गुर्जी विचारतात केव्हाचा, आई म्हणते भुईमूग काढत होतो तेव्हाचा, गुर्जी वर पाहतात, खाली पाहतात आणि लिहितात: १ जून. त्यामुळे आमच्या भावकीत साठीच्या पुढचे जवळजवळ सगळे एकाच दिवशी जन्मले. नाना १ जूनचे, त्यांचे दोन्ही भाऊ १ जूनचे, नानींचे वडील १ जूनचे. पेन्शनपासून आधारापर्यंत सगळीकडे हाच जन्म चालतो. आईनं दिलेला कुणी विचारत नाही. १ जूनला नाना सकाळी अंघोळ करून, अजून सुट्टीच असलेल्या शाळेच्या कुलपाला हळदकुंकू लावून येतात. मे-जूनच्या उन्हात बंद फाटकापुढे उभा असलेला तो म्हातारा बघून नवख्या माणसाला वाटतं, याचं लेकरू आत राहिलंय की काय.

इथे थोडं भूगोलाचं. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. हे फारसी शब्द आमच्या गावांना चिकटून राहिले. आम्ही अवसरी बुद्रुकचे, म्हणजे थोरल्या घरचे. आणि सरकारनं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं ते धाकट्याच्या अंगणात, अवसरी खुर्दला. वर तंत्रनिकेतनही तिथंच. थोरल्या घरात याची सल आहे. नानांना नाही. मंचरला जाताना ‘शासकीय’ अशी पाटी आली की नाना बसल्या जागी चप्पल काढून हात जोडतात. त्यांच्या लेखी ‘शासकीय’ हा शब्द ‘श्रीक्षेत्र’सारखा आहे, गावाच्या नावाआधी लागला की गाव पवित्र. कंडक्टर नवा असला तर विचारतो, आजोबा, इथं कुठलं देऊळ आहे?

भक्ताची कसोटी देव विचित्र वागतो तेव्हा लागते. नानांची ती २०१९ च्या जूनमध्ये लागली. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात संख्या वाचायची नवी रीत आली: बावीसच्या जोडीनं वीस दोन, सत्तावन्नच्या जोडीनं पन्नास सात. जोडाक्षरांनी लेकरं अडखळतात, इंग्रजीत आणि दक्षिणेच्या भाषांत दशक आधी येतो, अशी बाजू डॉ. मंगला नारळीकरांनी शांतपणे मांडली. महाराष्ट्रानं ती मुळीच शांतपणे ऐकली नाही. विधानसभेपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत थट्टा झाली. नानांनी थट्टा केली नाही. पुस्तक बालभारतीचं, म्हणजे आकाशवाणी. ते मंचरच्या मार्केटात गेले आणि अडत्याला म्हणाले, माझ्या बटाट्याच्या गोण्या पन्नास सात. अडत्यानं पन्नास लिहिल्या आणि वरच्या सातांची वाट बघत बसला. त्या आठवड्यात नानांचे सात गोण्यांचे पैसे कुठेतरी पन्नास आणि सातच्या मधल्या जागेत पडले. नानी अजून काढते. “तुमच्या सरकारनं बावीसचं वीस दोन केलं, तुम्ही सत्तावन्नचं पन्नास केलं.” नाना म्हणतात, प्रसाद वाटला समज.

योजनांचं त्यांना अवतारांसारखं आहे. १९८७ चा खडू-फळा, मग सर्व शिक्षा अभियान, मग हक्काचा कायदा, २०१५ चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र, २०१८ चं समग्र शिक्षा, आता निपुण. प्रत्येक अवताराचं नवं बोधचिन्ह, नवी पाटी, भिंतीवर नवा रंग. मी एकदा म्हटलं, नाना, दर अवतारात राक्षस तोच कसा? दशावतारांत निदान हिरण्यकश्यपू गेल्यावर रावण तरी येतो. ते म्हणाले, “तू पुन्याला ऱ्हातो, तुला राक्षस दिसनार. आमाला फळा नवा मिळाला.”

खरा कुंभमेळा मात्र एकदाच झाला, २०११ च्या ऑक्टोबरात. पटपडताळणी. तीन दिवस सगळ्या राज्यात एकदम शाळा तपासल्या, एकच पोर दोन शाळांत दाखवू नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली. राज्यभर लाखो नावं नुसती कागदावरची निघाली. संस्थाचालकांच्या पोटात गोळा आला होता आणि आमच्या वस्तीवर नाना नवं धोतर नेसून फाटकात उभे होते. आमच्या शाळेत तेव्हा पट एकतीस, हजर एकतीस. एका पोराला ताप होता, त्याला गोधडीसकट आणलं होतं. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं: ‘शाळेस भेट दिली. पट व उपस्थिती जुळते. समाधान वाटले.’ हे तीन शब्दांचं ‘जुळते. समाधान वाटले’ नाना अजून म्हणून दाखवतात आणि ‘समाधान’वर किंचित थांबतात. मी ते शेरेबुक चाळलं आहे. आत्तापर्यंत आलेल्या एकूण एक साहेबाला समाधानच वाटलेलं आहे. एकाला तर शाळेला कुलूप असतानाही वाटलं होतं.

तीर्थयात्राही होतात. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी, जिथं जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली. खेड तालुक्यातलं जालिंदरनगर, जे २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत अंतिम फेरीत पोचलं. आणि मोठी वारी म्हणजे सोलापूर जिल्ह्यातली परितेवाडी. तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचं जागतिक पारितोषिक मिळालं आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकायचं जाहीर केलं. जगाला याचं नवल वाटलं. नानांना नाही. “मराठी शाळंत डबा वाटूनच खात्यात,” ते म्हणाले.

आता पाखंड. ते रोज सकाळी सात दहाला कोपऱ्यावर येतं, पिवळं असतं, आणि त्याच्या पाठीवर इंग्रजीत नाव असतं. नाना ती बस येते तेव्हा ओट्यावर नसतात. आत गुरांना वैरण घालतात. नाईलाजानं उल्लेख करायचा झाला तर ‘पिवळी’ म्हणतात, कावीळ म्हणावी तसं. पिवळीत आमच्या वस्तीवरची नऊ लेकरं जातात. पंथ सोडून गेलेल्या या नऊ घरांशी नाना रोटीव्यवहार ठेवतात, पण हुरड्याला बोलावत नाहीत. आणखी अवघड म्हणजे तालुक्यातल्या कैक गुर्जींची आणि बाईंची स्वतःची मुलं अशाच एखाद्या पिवळीत असतात. पुजाऱ्याच्या घरी दुसराच देव! यावर नानांकडे एक कात्रण आहे, अलाहाबाद हायकोर्टाचं, ऑगस्ट २०१५ चं: सरकारी पगार घेणाऱ्यांनी आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळेतच घालावीत, अशी व्यवस्था करा. लोक अलाहाबादला गंगेसाठी जातात, नाना निकालासाठी. गुर्जी दिसले की ते कात्रण खिशातून अर्धं बाहेर काढतात आणि परत आत ठेवतात. गुर्जी भला माणूस आहे. तोही नजर अर्धी वर करतो आणि परत खाली ठेवतो.

कात्रण पूर्ण बाहेर न काढण्याचं कारण चाकणला राहतं. नानांचा मुलगा तिथल्या एका कंपनीत आहे आणि नातू इंग्रजी शाळेत. सूनबाईंनी फोनवर सांगितलं त्या दिवशी नाना एकवेळ जेवले. नातू दिवाळीत आणि मे महिन्यात येतो, तेव्हा शाळा बंद असते. त्यामुळे आजोबांचा देव आणि नातू यांची अजून गाठ पडलेली नाही. पोरगं गोड आहे. मागच्या खेपेला ओट्यावर बसून त्यानं विचारलं, “आजोबा, तेवीस म्हणजे ट्वेंटी थ्री की थर्टी टू?” नानांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “वीस तीन, बाळा.” बालभारती कामाला आली ती अशी.

मी पुण्यात राहतो. दोन पुस्तकं वाचली की ती गावाकडे येऊन नानांवर झाडायची ही माझी जुनी खोड. एका उन्हाळ्यात इव्हान इलिच घेऊन आलो. व्हिएन्नात जन्मलेला, कॅथलिक धर्मगुरू झालेला, आणि १९७१ मध्ये ‘डीस्कूलिंग सोसायटी’ लिहून खळबळ उडवणारा माणूस. म्हटलं, नाना, हा म्हणतो शाळा हाच आता नवा धर्म झालाय. तेच कर्मकांड, तेच सोवळं. शाळेच्या दारातूनच मोक्ष, आणि जो नापास झाला त्याला वाटतं पाप आपलंच. नानांनी सगळं ऐकून घेतलं. अडकित्ता थांबवला.

“पुजारी व्हता म्हनलास?”

“होता. पुढे सोडलं.”

“तरीच वळखलं त्यानं. आन् सोता किती शिकला?”

“डॉक्टरेट होती.”

“मंग बराबर,” नानांनी सुपारी फोडली. “माडीव चढून झाल्याव शिडी कुनाला लागती?”

इलिच पिशवीतच राहिला. पण आतून नानी म्हणाली, “त्याला दुष्काळाचं सांगा की. उगं कोडी घालताय.” नाना सांगेनात, म्हणून तिनंच सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात सगळी भावकी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होती. नाना विशीतले. तिसऱ्या दिवशी मुकादमानं विचारलं, लिहिता कुणाला येतं? नाना सातवी शिकलेले, देवळात भरायच्या शाळेपासून सुरू करून. त्यांनी हात वर केला, त्या हातातली हातोडी त्यानं काढून घेतली आणि हजेरीचं मस्टर दिलं. पुढे महिनाभर नाना सावलीला बसून नावं लिहीत होते आणि त्यांचे दोन्ही भाऊ उन्हात खडी फोडत होते. ज्याचं नाव मस्टरवर त्याला मजुरी, त्याला सुकडी. नाव राहिलं तर माणूस उपाशी. एका दिवशी एका बाईचं नाव नानांकडून राहिलं.

“राह्यलं,” नाना म्हणाले. एवढंच. अडकित्ता पुन्हा सुरू झाला.

तेव्हापासून मी मोजणीची थट्टा जरा बेतानं करतो. बंद केलेली नाही, कारण नाना थट्टेला जागा ठेवतातच. वस्तीवर कुणाला दिवस गेले की सासूच्या आधी नाना बोटांवर मोजतात: मार्चात बाळंतीण, सहा वर्षं धरली तर अमक्या सालच्या जूनला पहिली. लग्नाला गेले तर अक्षता टाकून झाल्यावर नवरदेवाच्या कानाशी ‘दोन तरी होऊ द्या, पट खाली आलाय’ असं कुजबुजतात. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं निघालं तेव्हा आमच्याकडे पट अठरा होता. त्या महिन्यात नानांनी वस्तीवरच्या ज्या जोडप्यांची भांडणं मिटवली त्यांचा आकडा मला ठाऊक आहे; इथे लिहिण्यासारखा नाही.

त्या वर्षी शाळा तरली ती ऊसतोड्यांमुळे. पारगावच्या भीमाशंकर कारखान्याचं गाळप सुरू झालं की टोळ्या येतात, बांधाला कोप्या पडतात. नाना भल्या पहाटे कोपीवर हजर. बाप कोयता घेऊन फडात, आई मोळ्या बांधतेय, पोरगी धाकट्याला सांभाळतेय. नाना म्हणायचे, दे तिला, धाकट्यालाबी दे, अंगनवाडी हाये. अशी सहा लेकरं त्यांनी पटावर आणली. फडातून शाळेची वाट उसातून, आणि उसात बिबट्या. मग नानांनी दिंडी काढली: पुढे स्वतः, हातात घुंगुरकाठी, मागे लेकरं दोनदोनच्या रांगेत पाढे म्हणत, आवाज जेवढा निघेल तेवढा. मी विचारलं, नाना, बिबट्या खरंच आला तर? म्हणाले, “तो वनखात्याचा, ही शिक्षनखात्याची. सरकार सरकारला खात नाय.” मला याबद्दल खात्री नाही. त्यांनाही नसावी, कारण काठीला त्यांनी खिळा ठोकून घेतला होता.

मार्चात कारखान्याचा पट्टा पडला, कोप्या उठल्या, सहा नावं गेली. नाना दोन दिवस ओट्यावर आले नाहीत.

सुरुवातीला म्हशीसाठी घरी राहिलेलं जे पोरगं आलं होतं, त्याला मी मनातल्या मनात तेविसावा म्हणतो. एके दिवशी मंचरच्या कॉलेजातली एक मुलगी पाहणीसाठी वस्तीवर आली. ‘असर’चे लोक घरोघर जाऊन लेकरांना वाचायला लावतात, तसलंच काही. हातात एक कागद, त्यावर दुसरीच्या पुस्तकात असतो तेवढा उतारा. तिनं तेविसाव्याला ओट्यावर बसवलं. नाना आधी कागदाला हरकत घेऊन मोकळे झाले. “कुठल्या खात्याचा हाये? शिक्का कुठाय?” मग म्हणाले, तुपला कागद ठेव, त्याचं पुस्तक आन. पुस्तक आलं. तेविसाव्यानं पान उघडलं आणि धडा असा घडाघडा म्हटला की कोंबड्यासुद्धा बाजूला झाल्या. नानांनी मुलीकडे पाहिलं. समाधान वाटले.

मुलीनं पुस्तक हातात घेतलं, दुसरंच पान उघडलं आणि परत त्याच्यापुढे धरलं. तेविसाव्यानं तोच धडा म्हटला. त्याची नजर गोठ्यातल्या रेडकावर होती. मुलीनं पुस्तक उलटं धरलं. तोच धडा, त्याच चालीवर, आणि शेवटी ‘स्वाध्याय’सुद्धा.

मुलगी समजूतदार होती. काही न बोलता कागदावर खूण करून गेली. नाना बराच वेळ त्या पुस्तकाकडे बघत बसले, पानं उलगडून, जणू त्यात कुणाचं तरी नाव राहिलं होतं. मी म्हटलं, नाना, पट तेवीस आहे, पण— त्यांनी हातानं थांबवलं. गुर्जींना बोल लावणं धर्मात नव्हतं, आणि गुर्जी त्या महिन्यात मतदारयादी घेऊन घरोघर फिरत होतेही. शासनाला बोल लावणं तर त्याहून नव्हतं. संध्याकाळी त्यांनी तेविसाव्याला बोलावून घेतलं आणि गोठ्याच्या पडवीत खताच्या गोण्यांपुढे उभं केलं.

“वाच.”

“सु… फ… सुफ…”

“ला.”

“सुफला.”

“खाली?”

“पंधरा, पंधरा, पंधरा.”

“शाब्बास. ही?”

“दहा… वीस सहा, वीस सहा.”

नानी आत पदर तोंडाला लावून हसत होती. पुढे रोजच दिवेलागणीला हा पाठ सुरू झाला. युरियाची गोणी झाली, निंबोळी पेंड झाली, कीटकनाशकाच्या डब्यावरची ‘विष’ ही लाल पाटी झाली, एसटीची पाटी झाली, ट्रॅक्टरच्या मडगार्डवरचं ‘आईचा आशीर्वाद’ झालं. लग्नपत्रिका आली की नाना ती आधी तेविसाव्याकडे देत; एका मुहूर्ताला ते त्यामुळेच तासभर उशिरा पोचले. शाळेच्या पुस्तकाला मात्र त्यांनी हात लावला नाही. ते पाठ होतं.

यंदा कारखाना सुरू झाल्यावर मी परत गेलो. सकाळची वेळ, कोपऱ्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता कोंडलेला, आणि पिवळी मागे सरत सरत थेट नानांच्या ओट्याशी येऊन उभी राहिली. नाना वैरण टाकून नुकतेच बाहेर आले होते, त्यांना परत आत जायला वेळ मिळाला नाही. तेविसावा रेडकाला पाणी पाजून तिथंच उभा होता. बसच्या पाठीवर इंग्रजी नावाखाली कुणीतरी सुबुद्धीनं दोन ओळी मराठीत लिहिल्या होत्या, पालकांसाठी.

कुणीही सांगितलेलं नसताना तेविसाव्यानं बोट वर केलं.

“प्र… वे… श. प्रवेश सु… रू. सुरू आहे.” त्यानं श्वास घेतला. “म… म… र्या… मर्यादित. मर्यादित जागा!”

असा आवाज त्यानं उसातल्या दिंडीतही काढला नव्हता. बसमधल्या नऊ लेकरांनी खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. नानी दारात आली. मी नानांकडे बघायचं टाळत होतो आणि बघतही होतो.

नाना त्या पाटीकडे पाहत राहिले. ट्रॉल्या हलल्या, पिवळी धूर सोडून गेली.

“रफार बघितला?” ते मला म्हणाले. “कसा काढला बघितला का? त्येंच्यात रफारच नसतोय.” आणि काठी घेऊन ओट्यावर बसले, कारण वळणावर पहिलं दप्तर दिसलं होतं. “एक,” ते म्हणाले.